दुसऱ्याच्या नावाची सही

२६ जून १९४५ रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात पन्नास राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका सनदेवर सह्या केल्या आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘युनो’चा, पाया घातला गेला. पहिली सही चीनच्या वेलिंग्टन कू यांची झाली. आक्रमणाचा पहिला घाव चीनने सोसला म्हणून हा मान त्याला दिला गेला. भारताच्या नावापुढे दोन सह्या आहेत. एक सर ए. रामस्वामी मुदलियार यांची आणि दुसरी सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांची.

युनो म्हटले की आपल्याला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन आठवतात. भारताचा विषय निघाला तर नेहरू, विजयालक्ष्मी पंडित, कृष्ण मेनन. या दोन सह्या करणारांची नावे मात्र शाळेच्या पुस्तकात नाहीत, चौकाला नाहीत, भाषणातही येत नाहीत. मुदलियारांच्या नशिबी तर विस्मरणाचा आणखी एक प्रकार आला. बी.एड. झालेल्या कोणत्याही शिक्षकाला ‘मुदलियार आयोग’ तोंडपाठ असतो. परीक्षेत तो हमखास विचारला जाई. पण १९५२-५३ चा तो माध्यमिक शिक्षण आयोग त्यांच्या जुळ्या भावाचा, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचा. पुढे १९५९ मध्ये आरोग्याच्या पाहणीसाठी जी ‘मुदलियार समिती’ नेमली गेली तीही या भावाचीच. थोडक्यात, आडनाव घरोघर पोहोचले आणि माणूस मागेच राहिला.

हे विस्मरण निव्वळ आळसापोटी झालेले नाही, त्यामागे एक नैतिक अडचण आहे. त्या अडचणीविषयीच मला लिहायचे आहे.

रामस्वामी मुदलियारांचा जन्म १८८७ सालचा, कर्नूलचा. घर तमिळ आणि मुलूख तेलुगू. म्हणजे आपल्यासारखेच दोन भाषांच्या उंबऱ्यावरचे. ते जस्टिस पक्षाचे पुढारी होते आणि त्या पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादकही. १९३९ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून चर्चिलच्या युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकीत बसण्यासाठी ते लंडनला गेले. ते वर्ष कोणते होते हे वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि काँग्रेसची कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन बंद केली गेली.

सॅन फ्रान्सिस्कोची परिषद २५ एप्रिल १९४५ ला सुरू झाली तेव्हा नेहरू तुरुंगातच होते. त्यांची सुटका झाली १५ जूनला, म्हणजे सनदेवर सह्या होण्याच्या अकरा दिवस आधी. २५ जूनला देशाचे पुढारी सिमल्याला वेव्हेलसाहेबांच्या परिषदेला जमले आणि दुसऱ्या दिवशी, सात समुद्रांपलीकडे, भारताच्या नावाने मुदलियारांनी सही केली. ज्यांना देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता त्यांना सही करता येत नव्हती, आणि ज्यांना सही करता येत होती त्यांना देशाने पाठवलेले नव्हते.

गांधीजींनी हे आधीच ओळखले होते. परिषद भरण्यापूर्वी, १७ एप्रिलला, त्यांनी निवेदन काढले. इंग्रज सरकारने नेमलेल्या माणसांनी भारताचे प्रतिनिधी म्हणून मिरवणे हे प्रतिनिधित्व नसण्याहूनही वाईट आहे. एक तर निवडून दिलेला प्रतिनिधी असावा, नाही तर कोणीच नसावा, असा त्याचा आशय होता. विजयालक्ष्मी पंडित त्या वेळी अमेरिकेत होत्या. कोकणातून राजकोटला जाऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यातले त्यांचे पती रणजित सीताराम पंडित तुरुंगवासाने खंगून जानेवारी १९४४ मध्ये वारले होते. ही विधवा बाई परिषदेच्या गावी गेली. सभागृहात तिला खुर्ची नव्हती, म्हणून तिने बाहेर सभा घेतल्या, वार्ताहरांना गाठले, निवेदन धाडले आणि आत बसलेले प्रतिनिधी आमचे नाहीत असे जगाला सांगितले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर निकाल सोपा होता. मुदलियारांना इंग्रजांचा माणूस म्हणावे आणि पान उलटावे. अडचण अशी, की त्या खुर्चीत बसून त्यांनी केलेले काम चांगले होते.

परिषदेतल्या आर्थिक व सामाजिक सहकार्याच्या समितीचे ते अध्यक्ष होते. बड्या राष्ट्रांचे सारे लक्ष सुरक्षा समितीवर आणि नकाराधिकारावर होते. लढाई थांबवायची कशी, एवढाच प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. लढाई मुळात लागते कशाने, म्हणजे भूक, रोगराई, बेकारी आणि माणसामाणसांतला उच्चनीच भाव, हा विषय मुदलियारांच्या समितीकडे होता. परिषदेपुढे बोलताना रंग आणि वंश यांच्या पलीकडे साऱ्या माणसांची प्रतिष्ठा एक आहे, हे सर्व धर्मांनी शिकवलेले सत्य त्यांनी मांडले. जागतिक आरोग्यासाठी वेगळी संस्था हवी ही चीन आणि ब्राझील यांच्या प्रतिनिधींची सूचना याच समितीपुढे आली आणि मान्य झाली. जानेवारी १९४६ मध्ये लंडनला युनोच्या आर्थिक व सामाजिक परिषदेची पहिली बैठक भरली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून अठरा सभासद राष्ट्रांनी मुदलियारांनाच निवडले. त्याच परिषदेने आरोग्य परिषद बोलावण्याचा ठराव केला. तिच्यातून २२ जुलै १९४६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना सही होऊन बाहेर पडली. मानवी हक्क आयोगही याच परिषदेने त्याच वर्षी नेमला. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली ज्या संघटनेने जाहीर केले, तिच्या पाळण्याची एक दोरी या विसरलेल्या माणसाच्या हातात होती.

तर प्रश्न असा : ज्या खुर्चीवर बसण्याचा आपल्याला अधिकार नाही त्या खुर्चीवर बसून केलेल्या चांगल्या कामाचे मोल किती धरावे?

याची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले म्हणते, फळ गोड आहे ना, मग झाड कोणाच्या अंगणातले होते ते कशाला विचारता? दुसरे म्हणते, अधिकाराविना घेतलेल्या जागेवरचे सारेच उष्टे. ते पवित्र होत नाही. पहिले उत्तर व्यवहारी माणसाला आवडते, दुसरे तत्त्वनिष्ठाला. मला दोन्ही अपुरी वाटतात. याचे कारण पुस्तकात सापडलेले नाही, ते मी ज्या शहरात आयुष्य काढले त्या शहराने मला दिले आहे.

*

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा माझे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. नागपूरची राजधानी गेली, नवा मध्य प्रदेश झाला आणि शेकडो मराठी कुटुंबांबरोबर आमचेही बिऱ्हाड भोपाळला आले. कोणाला विचारून हे झाले नव्हते. पुढे मी इथेच शिक्षक झालो. माझी शाळा जुन्या शहरात होती, रेल्वे स्टेशनापासून फार लांब नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीविषयी मी इथे लिहीत नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तरीही ते पुरे पडत नाही. मला सांगायचे आहे ते नंतरचे. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा केला आणि सर्व वायुपीडितांच्या वतीने दावा लढण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. त्या वेळी मला हा कायदा शहाणपणाचा वाटला, आजही तो अगदी निराधार वाटत नाही. काझी कॅम्प, जयप्रकाश नगर, छोला या वस्त्यांतला हमाल किंवा विडी वळणारी बाई अमेरिकेतल्या कंपनीशी कशी भांडणार होती? परदेशी वकील विमानाने येऊन वकालतनाम्यावर अंगठे घेत फिरत होते. अनाथाचा पालक होऊन राज्य उभे राहते, असे कायद्याचे जुने तत्त्व आहे. सरकार पालक झाले.

शाळा सुटल्यावर आम्ही काही शिक्षक लोकांचे मुआवजाचे अर्ज भरून देत असू. नाव, वय, पत्ता, कोण गेले, कोणाला काय होते आहे, आणि शेवटी अंगठा. १४ फेब्रुवारी १९८९ ला बातमी आली की सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. सरकारने मागितले होते तीनशे कोटी डॉलरांच्या वर. ठरले सत्तेचाळीस कोटी. त्यातच फौजदारी खटलेही बंद. ज्या बाईचा अर्ज मी भरला होता, तिचा नवरा आणि धाकटा मुलगा गेला होता, ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी होती. रागावलेली नव्हती. म्हणाली, “मास्साब, अँगूठा तो हमारा लगा था. हमसे किसी ने पूछा क्या?”

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकायला हवे होते, हेही न्यायालयाने मानले. पण तोवर सही होऊन गेली होती. १९९१ मध्ये फौजदारी खटले पुन्हा उघडले गेले, रक्कम मात्र तीच राहिली. साडेपाच लाखांहून अधिक माणसांत ती वाटली गेली. पुढे केंद्र सरकारलाच ती अपुरी वाटू लागली. वाढीव भरपाईसाठी २०१० मध्ये केलेला त्याचा अर्ज १४ मार्च २०२३ ला फेटाळला गेला. ज्याने दार लावून घेतले तोच अनेक वर्षांनी ते ठोठावत होता आणि आता ते उघडत नव्हते.

*

या दोन सह्या मी मनात पुष्कळ वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. दोन्ही दुसऱ्याच्या नावाने झालेल्या. उलट अधिकाराच्या दृष्टीने पाहिले तर १९८९ ची सही अधिक पक्की. ती करणारे सरकार लोकांनी निवडून दिलेले होते, कायदा संसदेचा होता, शिक्का सर्वोच्च न्यायालयाचा. १९४५ च्या सहीमागे व्हाइसरॉयच्या नेमणुकीखेरीज काही नव्हते. तरीही पहिलीने लोकांना मुके केले आणि दुसरीने त्यांना पुढे बोलायला जागा ठेवली. असे का व्हावे?

सनदेवर भारताची सही होती म्हणून भारत युनोचा संस्थापक सभासद ठरला. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याला दारात उभे राहून अर्ज करावा लागला नाही. जुने सभासदत्व तसेच पुढे चालले. पाकिस्तानला मात्र नवा सभासद म्हणून ३० सप्टेंबर १९४७ ला प्रवेश घ्यावा लागला. त्याआधीच एक मोठी गोष्ट घडली होती. १९४६ च्या शरदात, हंगामी सरकार आल्यावर, युनोच्या आमसभेत भारताच्या खुर्चीवर विजयालक्ष्मी पंडित येऊन बसल्या. वर्षापूर्वी ज्यांना आत जागा नव्हती त्याच. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न त्यांनी मांडला. समोर होते जनरल स्मट्स, सनदेच्या उदात्त प्रस्तावनेचा पहिला मसुदा लिहिणारे. ८ डिसेंबर १९४६ ला बत्तीस विरुद्ध पंधरा मतांनी ठराव भारताच्या बाजूने झाला. मुदलियारांच्या परिषदेने नेमलेल्या मानवी हक्क आयोगावर मुंबईच्या हंसाबेन मेहता गेल्या. ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द काढून त्यांनी तिथे ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारा शब्द आग्रहाने घालून घेतला. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम त्याच शब्दांनी सुरू होते.

माझ्या मते फरक इथे आहे. दुसऱ्याच्या नावाने सही करणे माणसाच्या व्यवहारात टळत नाही. बाप मुलाच्या नावाने करतो, सरपंच गावाच्या, सरकार देशाच्या. ती सही करणाराला अधिकार कोणी दिला हे विचारलेच पाहिजे. पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. ज्याच्या नावाने सही झाली तो उद्या स्वतः आला तर त्याला बसायला जागा उरते का, हेही विचारावे लागते. विश्वस्त आणि मालक यांत हाच भेद आहे. विश्वस्त जागा धरून ठेवतो, मालक ती विकून टाकू शकतो. १९८९ ला पालकाने मालकाचे काम केले. १९४५ ला, नेमणाराने मालकाचे नोकर म्हणून पाठवले असूनही, मुदलियारांच्या हातून विश्वस्ताचे काम झाले.

यावर कोणी म्हणेल, ही तर पश्चातबुद्धी झाली. देश दोन वर्षांत स्वतंत्र होणार आणि त्या खुर्चीवर दुसरी माणसे येणार, हे मुदलियारांनी थोडेच घडवले? ते घडवले तुरुंगातल्या माणसांनी. आक्षेप खरा आहे. बेचाळीसचे आंदोलन नसते तर ती खुर्ची नेमलेल्या माणसांसाठीच राहिली असती. मुदलियारांना लोकशाहीचे व्रती ठरवण्याचेही कारण नाही. १९४६ ते १९४९ ते म्हैसूरचे दिवाण होते. जबाबदार राज्यपद्धतीसाठी १९४७ च्या सप्टेंबरात तिथल्या प्रजेने सत्याग्रह केला तेव्हा ते प्रजेच्या समोरच्या बाजूला उभे होते. जगापुढे माणसाची प्रतिष्ठा सांगणाऱ्याला घरच्या रयतेची मागणी मान्य व्हायला सत्याग्रह लागावा, हा विरोधाभास झाकून ठेवता येणार नाही.

आणि दुसऱ्या सहीचे, कृष्णम्माचारींच्या सहीचे, काय? संस्थानांच्या बाजूने ते गेले होते. मराठी माणसाला ते बडोद्याचे दिवाण म्हणून ठाऊक असावेत. १९२७ पासून १९४४ पर्यंत सयाजीरावांच्या आणि त्यांच्या नातवाच्या कारकिर्दीत त्यांनी तो कारभार पाहिला. संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलरपद १९४४ मध्ये आमच्या भोपाळच्या नवाब हमीदुल्ला खानांकडे आले होते. म्हणजे सनद ‘आम्ही जनता’ म्हणून सुरू होत होती आणि भोपाळच्या जनतेच्या वाट्याला त्या सहीतला एक थेंबही आला नव्हता. त्या जनतेला आपला आवाज पुढे १९४८-४९ च्या विलीनीकरण आंदोलनात सापडला. १४ जानेवारी १९४९ ला, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेकाठी बोरासच्या घाटावर तिरंगा धरलेली तरुण पोरे गोळीबारात पडली. १ जून १९४९ ला भोपाळ भारत सरकारच्या कारभाराखाली आले. कागदावरच्या सहीला अर्थ असा बाहेरून, रक्ताने भरावा लागला.

तेव्हा श्रेयाची वाटणी करायचीच तर ती अशी करावी लागेल. गांधीजींचे निवेदन खरे होते आणि पुढच्या चांगल्या फळाने ते खोटे ठरत नाही. नेमलेला माणूस हा प्रतिनिधी नव्हेच, हे कोणीतरी उभे राहून सांगितले नसते, तर आज आपण मुदलियारांच्या सहीला आनंदाने आपली म्हणालो असतो आणि फसलो असतो. विजयालक्ष्मीबाई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या म्हणून आतली खुर्ची रिकामी आहे हे जगाला कळले. आणि मुदलियारांनी आत बसून ती खुर्ची मोडू दिली नाही. तिच्यावर बसून साऱ्या जगाच्या उपयोगाचे काही उभारले. बाहेरच्याचा नकार आणि आतल्याची कामसू निष्ठा, दोन्ही मिळून ती गोष्ट पुरी होते. एकाला हुतात्मा आणि दुसऱ्याला गुलाम म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अर्धे सत्य आहे. मुदलियारांचा पुतळा उभारा असे माझे म्हणणे नाही. पण त्यांचे नाव सांगताना आपण आवाज खाली घेतो, तसे करण्याचे आता कारण उरलेले नाही.

हा विचार तुमच्यासारख्या वाचकांपुढे मांडावासा वाटला याला कारण आहे. मुलताई, सौंसर, पांढुर्णा, बऱ्हाणपूर, बालाघाट इकडच्या आपल्या घरांना दुसऱ्याने केलेल्या सहीचा अनुभव नवा नाही. १९५३ चा नागपूर करार झाला, १९५५ चा पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, १९५६ ला नकाशा निघाला. त्यांत आपल्या नावाने कोणी कोणी बोलले. आपण होतो तिथेच राहिलो आणि राज्य बदलले. त्याचे रडगाणे मला गायचे नाही. हिंदी ही आता आपल्या घरातलीच भाषा झाली आहे, माझी नातवंडे तिच्यातच भांडतात.

पण त्या सहीचा एक धाकटा अवतार आपल्या स्वतःच्या हातातही असतो. जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा साऱ्या घराच्या वतीने उत्तरे देतो तो घरातला कर्ता. मातृभाषेचा रकाना येतो. मास्तर आपल्याच गावचा, घाईत असलेला. तो ‘हिंदी लिख दूँ?’ म्हणतो आणि कर्ता मान हलवतो. आत स्वयंपाकघरात म्हातारी आई मराठीत नातवाला जेवायला हाक मारत असते. तिच्या नावाने ती सही झालेली असते. पुढच्या वेळी तो माणूस आला की त्याला पाणी द्यावे, दोन मिनिटे बसवावे आणि आईला बाहेर बोलवावे. काय लिहायचे ते तिला विचारावे.